उसाकडची बाजू

मुनीर सरांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी त्यांच्या पाठीमागे म्हणत नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत मी त्यांना हे ऐकवलेलं आहे आणि त्यावर त्यांनी शांतपणे "खरंय मॅडम" म्हणून मान डोलावलेली आहे. भित्रा म्हटलं की पुरुषमाणूस सहसा चवताळतो. हे गृहस्थ चहाचा घोट घ्यायचे आणि आपल्याला आणखी कशाकशाची भीती वाटते ते सांगत बसायचे. पाण्याच्या टाकीवरचं सैल झाकण, सहलीच्या बसचे टायर, मुलींच्या केसांतल्या पिना, दुपारचं ऊन, दुपारी ऊन नसेल तर वीज. ऐकता ऐकता आपल्यालाही टाकीचं झाकण एकदा बघून यावंसं वाटायला लागायचं.

ते आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि मुलींचा फुटबॉलचा संघ त्यांनी उभा केला होता. मी शिकवते विज्ञान. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच की मुलींचा संघ कुठं न्यायचा तर सोबत एक बाई शिक्षिका लागते, आणि त्या वर्षी आमच्या शाळेत बाई म्हणून मी एकटीच शिल्लक होते. दुसरी बाळंतपणाच्या रजेवर होती. हेडमास्तरांनी "बनसोडे मॅडम, तुम्ही मॅनेजर" असं परस्पर जाहीर करून टाकलं. पाण्याचा जार, औषधांची पेटी आणि मुलींची भांडणं सांभाळायची, हे मॅनेजरचं काम. ऑफसाइड म्हणजे काय हे मला आजही कळलेलं नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही.

सर मूळचे दौंडचे, रेल्वे कॉलनीतले. वडील इंजिन शेडमध्ये फिटर. "आमच्याकडं पोरगं उभं राहिलं की बॉललाच लाथ मारतं, चालायचं मागनं शिकतं," असं ते सांगायचे. अंगानं काटकुळे, उंच, डोक्यावर कायम पांढरी कॅप, गळ्यात हिरव्या दोरीची शिट्टी. संस्थेनं त्यांची बदली आमच्या गावात केली तेव्हा त्यांची नोकरीची थोडीच वर्षं राहिली होती. शनिवारी शाळा सुटली की मोटारसायकलवर दौंडला घरी, सोमवारी पहाटे परत. आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या पट्ट्यातलं. पाणी आहे, म्हणून ऊस आहे. ऊस आहे, म्हणून बाकीचंही आहे.

ते रुजू झाले त्या दिवशी हेडमास्तरांनी त्यांना मैदान दाखवलं. मैदानाच्या एका बाजूला शाळा, एका बाजूला रस्ता, एका बाजूला कालव्याची चारी. चौथ्या बाजूला, अगदी रेघेला लागून, ऊस. नवा माणूस मैदानाची लांबी-रुंदी विचारील, गोलपोस्टचं विचारील. यांनी पहिला प्रश्न केला, "हा ऊस कोणाचा?"

ऊस आप्पांचा होता. शाळेला जमीन त्यांच्याच वडिलांनी दिलेली, त्यामुळे उरलेल्या जमिनीत आप्पा काय लावतात याबद्दल बोलायची शाळेची प्राज्ञा नव्हती. सर मात्र दुसऱ्याच दिवशी आप्पांच्या विहिरीवर जाऊन उभे राहिले. मैदानाच्या कडेचा थोडा पट्टा मोकळा सोडाल का, म्हणून विचारायला.

"सर, ऊस हाय तो," आप्पा म्हणाले. "बिबट्याची खोली न्हाई."

"पण राहतो त्यातच ना, आप्पा."

"ऱ्हातो. आमीबी ऱ्हातो. तुम्ही नवीन हाय, व्हईल सवय."

गावाला सवय झालेलीच होती. बिबट्या आमच्याकडे आता नवलाचा राहिलेला नाही. संध्याकाळी मोटर चालू करायला जाणारा माणूस मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून जातो, बायका गवताला चौघी-पाचजणी मिळून जातात, वस्तीवरचं एखादं कुत्रं सकाळी दिसत नाही. एखाद्या गावात लहान मूल गेल्याची बातमी येते. मग आठवडाभर सगळे दारं लावून बसतात, आणि पुन्हा कामाला लागतात. न लागून काय करणार? मी स्वतः शिरूरहून रोज स्कूटीवर येते आणि दोन्ही बाजूंनी ऊस असलेल्या त्या पट्ट्यात शिरले की हॉर्नवरचा अंगठा काढत नाही. पण शाळेत पोचले की विसरते. सर विसरायचे नाहीत, हाच काय तो फरक.

त्यातून गंमत अशी की शाळांच्या फुटबॉलचा हंगाम सुरू होतो तेव्हाच ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. जूनमध्ये त्यातून पलीकडचा माणूस दिसतो. पहिल्या सामन्याच्या वेळेला पलीकडे काही आहे की नाही हेच कळत नाही. तोड सुरू होते तोवर हंगाम संपलेला असतो.

पोरांचा एक जुना कायदा असतो, ज्यानं मारला त्यानं आणायचा. गटारात जावो, छपरावर जावो, खवट म्हातारीच्या अंगणात जावो, ज्याच्या पायानं गेला त्यानंच जाऊन बॉल आणायचा. सरांनी पहिल्याच आठवड्यात हा कायदा रद्द केला. उसात गेलेला बॉल आप्पांचा, असा नवा नियम आला. तळेगाव ढमढेऱ्याच्या एका पॉलिहाउसवाल्याकडून जुनी हिरवी जाळी मागून आणून त्यांनी ती बांबूंवर उसाच्या कडेनं बांधली. तरी बॉल जायचेच वरून. तोड आली की कोयते घेऊन आलेल्या ऊसतोडीच्या बाया-माणसं बांधावर बॉल काढून ठेवायची, रंग उडालेले, हवा गेलेले. स्टाफरूममध्ये आम्ही म्हणायचो, आप्पांच्या उसाला यंदा बॉल चांगले लागलेत. एका वर्षी निघालेल्या बॉलला एका बाजूला भोकं होती. आप्पा म्हणाले, "कुत्र्यानं धरला आसंल." सरांनी तो हातात घेऊन बराच वेळ फिरवला आणि कचऱ्यात टाकला. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

या भीतीनं आमच्या संघाचा खेळसुद्धा वेगळाच घडवला होता. सरावात उसाच्या बाजूला बॉल मारला की शिट्टी वाजायची. त्यामुळे आमच्या पोरी मधून खेळायच्या, नाहीतर शाळेच्या कडेनं. उसाकडची बाजू म्हणजे ओसाड. शिरूरला तालुक्याचे सामने होते, मैदानाला चारी बाजूंनी चांगली विटांची भिंत, तिथंसुद्धा आमची गोलकीपर मनीषा मैदानात उतरता उतरता विचारायला आली, "सर, हितं ऊस कुठल्या बाजूला धरायचा?" सरांनी जरा विचार केला आणि हात करून एक बाजू दाखवली. पोरी तिकडे फिरकल्या नाहीत. आम्ही जिंकलो. पुढं एका मोठ्या शाळेचे ट्रॅकसूटवाले कोच मुद्दाम चौकशीला आले की ही कुठली नवी पद्धत, कुठं ट्रेनिंग झालं तुमचं? सर लाजून म्हणाले, "ऊस आहे सर शेजारी."

सामन्याआधी ते प्रत्येक पोरीसमोर उभे राहून एकच प्रश्न विचारायचे, "भीती वाटतीय का, बेटा?" नाही म्हणणारी पोरगी पहिला अर्धा खेळ बाहेर बसायची. सुरुवातीला बऱ्याच जणींनी छाती काढून नाही म्हटलं आणि बसल्या. मग शहाण्या झाल्या. "लई भ्या वाटतंय सर," असं सगळ्याजणी एका सुरात म्हणायच्या आणि तोंडावर हात धरून हसायच्या. सरांना ते हसणं कळत नव्हतं असं नाही. पण होकार मिळाला की त्यांना बरं वाटायचं.

पोरी मिळवणंही सोपं गेलं नव्हतं. मनीषाचे वडील रांजणगावला कंपनीत आहेत, शिफ्टची नोकरी. पोरगी उंच आणि हाताची पक्की म्हणून सरांना ती गोलमध्ये हवी होती, आणि वडील म्हणत होते, मैदान उसाला लागून आहे, संध्याकाळी सरावाला नको. सर त्यांच्या घरी सुट्टी बघून किती वेळा गेले याची गणती नाही. शेवटच्या खेपेला मीही सोबत होते, तेव्हा वडील म्हणाले, "सर, मला गेम-बिम कळत न्हाई. तुमच्या जिवावर पोरगी सोडतोय, एवढं ध्यानात ठेवा." आपण असं रोजच कोणालातरी म्हणतो. दुसरा कोणी असता तर "काळजी नको" म्हणून हात मिळवून निघाला असता. सर परत येताना माझ्या स्कूटीशेजारी मोटारसायकल अगदी हळू चालवत होते. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं घेतलं होतं. मग एक एक करून सगळ्याच आया-बापांनी तेच म्हटलं, आणि सगळ्यांचं ओझं त्या काटकुळ्या माणसानं घेतलं.

आता त्या सामन्याचं. सर निवृत्त व्हायच्या वर्षी हंगामाचा पहिला सामना आमच्या मैदानावर होता, आणि पाहुणा संघ होता दौंडचा. दौंडच्या पोरींनी आपल्या गावात येऊन खेळावं हे सरांचं कधीपासूनचं मनात. ज्या मैदानावर ते लहानाचे मोठे झाले तिथं खेळणाऱ्या पोरी येणार, म्हणजे त्यांच्या माहेरची माणसं येण्यासारखंच. सकाळपासून ते जाळीच्या गाठी तपासत उसाच्या कडेनं फिरत होते. न्याहारी केलेली नव्हती. पहिल्या सामन्याला त्यांच्या घशाखाली काही उतरत नसे. आमच्या पोरींना त्यांनी पुन्हा एकदा सगळं बजावलं. बॉल आत गेला तर जायचं नाही, माझ्या पायाशी दुसरे आहेत, लगेच देतो. पोरी कंटाळून "व्हय सर" म्हणाल्या.

दौंडची गाडी आली आणि सर खुलले. एवढं खुललेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. कोणाचा आजा कुठल्या शेडमध्ये होता, कोणाचं घर कुठल्या लाइनीत, चौकशांना अंत नाही. त्या पोरीही "सर, सर" करत त्यांच्याभोवती जमल्या. शिट्टी झाली, खेळ सुरू झाला.

गाव बऱ्यापैकी जमलं होतं. मनीषाचे वडील पहिल्या शिफ्टहून थेट कंपनीच्या बसमधून उतरून आले होते, गळ्यात अजून ओळखपत्र. मी छत्री घेऊन रेघेबाहेर उभी, शेजारी सर.

दौंडच्या पोरींना थोड्याच वेळात कळलं की मैदानाची एक अख्खी बाजू मोकळी आहे आणि तिथं त्यांना अडवायला कोणी येतच नाही. त्यांची सात नंबरची पोरगी, बारकी, दोन वेण्यांची, बॉल घेऊन उसाच्या कडेकडेनं पळायला लागली. प्रत्येक वेळी ती जाळीला घासून जायची आणि प्रत्येक वेळी सर माझ्या छत्रीचा दांडा घट्ट धरायचे. शेवटी मी छत्री मिटून त्यांच्याच हातात देऊन टाकली. मध्यंतर झालं. दोघांचाही गोल नव्हता.

मध्यंतरानंतर त्या पोरीनं बॉल मारला तो जाळीवरून उसात गेला. सरांनी पायाशी ठेवलेला दुसरा बॉल उचलला. तेवढ्यात ती पोरगी जाळीची खालची कड वर करून, वाकून, आत गेली. अगदी सहज. ज्यानं मारला त्यानं आणायचा. दौंडच्या मैदानावर तो कायदा कोणी रद्द केलेला नव्हता.

"आत नगं जाऊ गं," मनीषा गोलमधून ओरडली. पण ती गेली होती. उसाची पाती थोडी हलली आणि थांबली.

सरांच्या हातातला बॉल खाली पडला. माझी छत्री हातात तशीच घेऊन ते धावत सुटले आणि जाळीखालून आत शिरले. ते उसात शिरलेले मी कधी पाहिले नव्हते. बांधापर्यंतसुद्धा ते कधी एकटे जात नसत.

आतून त्यांचा आवाज यायला लागला. त्यांना पोरीचं नाव माहीत नव्हतं. आज्याचं नाव विचारून झालं होतं, पोरीचं राहिलं होतं. "सात नंबर, बेटा, सात नंबर. सात नंबर, इकडं ये बेटा." पंचांनी खेळ थांबवला. आमच्या पोरी एकमेकींना धरून मैदानाच्या मध्ये गोळा झाल्या. दौंडच्या पोरींना काय झालंय तेच कळेना, आणि मग कोणीतरी त्यांना सांगितलं, आणि त्यांतली एक रडायला लागली.

गावातली माणसं पुढं सरसावली. कोणी मोटारसायकल चालू करून रेस करायला लागला, कोणी पाण्याचं पिंप बडवायला घेतलं. एवढ्यात विहिरीवरून आप्पा काठी घेऊन पळत आले.

"गप बसा समदी," ते म्हणाले. "चहूबाजूनी कालवा केला तर ते जनावर जाणार कुठं? पोरगी कुठंय म्हाईत हाय का कुणाला? तिच्याच आंगावर घालवाल."

सगळं बंद झालं. फक्त सरांचा आवाज, आत आत जाणारा. "सात नंबर. सात नंबर, बेटा." मग जरा उजवीकडे. मग आणखी लांब. आणि मग तो थांबला.

वर्गात मी मुलांना शिकवते की भीतीनं तोंड कोरडं का पडतं. त्या दिवशी माझी जीभ टाळ्याला चिकटली होती आणि शिकवलेलं काहीच आठवत नव्हतं. मला रडूसुद्धा येत नव्हतं. मी मनीषाच्या वडिलांकडे पाहिलं. त्यांनी कुठूनतरी एक बांबू उपटला होता आणि ते जाळीपर्यंत गेले होते, पण आप्पांनी त्यांचा दंड धरला होता. "थांब," एवढंच आप्पा म्हणाले. आत एक पान वाजत नव्हतं.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. थोडाच असेल. चारीच्या बाजूनं ती पोरगी चालत आली. काखेत बॉल, पोटऱ्यांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. बॉल तिला सापडला होता, पण परतीची सरी चुकली. उसात एकदा सरी चुकली की दिशा कळत नाही. सरळ चालत राहिली आणि चारीवर निघाली. "आत कुणीतरी माझा नंबर ओरडत होतं," ती तिच्या मॅडमना म्हणाली. "मला वाटलं कार्ड दाखवायला बोलावतायत, म्हणून मी ओ दिली नाही." तिच्या मॅडमनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग पुन्हा जवळ ओढलं.

पण सर आतच होते.

"सर," मनीषानं आप्पांचं न ऐकता हाक मारली. "सर, ती आली. सात नंबर आली भाईर."

उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली, रडत. नंतर जाळी हलली. सर आले ते पाठमोरे. एक एक पाऊल मागे टाकत, तोंड उसाकडे, आणि समोर माझी फुलाफुलांची छत्री उघडून धरलेली. जाळीखालून वाकून यायचं होतं तेव्हाही त्यांनी पाठ फिरवली नाही. मनीषाच्या वडिलांनी मागून जाळी वर उचलून धरली आणि त्यांना कमरेला धरून बाहेर ओढलं. मग ते वळले. चेहऱ्यावर रक्त होतं, उसाच्या पात्यांनी कापल्याचं. कॅप आत राहिली होती.

मनीषाच्या वडिलांनी विचारलं, "सर, दिसला का?"

मी सरांच्या अगदी जवळ उभी होते. त्यांनी आधी त्या सात नंबरकडे पाहिलं, मग आमच्या पोरींकडे. पोरी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना, मला, सगळ्यांनाच कळत होतं की या प्रश्नाच्या उत्तरावर काय आहे. नाही म्हटलं तर पाणी पिऊन खेळ पुढे सुरू होणार, उद्या सराव होणार, हंगाम होणार. पोरगी सुखरूप होती. आत काय होतं ते एका माणसाशिवाय कोणाला माहीत नव्हतं. ते नाही म्हणोत अशी मी मनातल्या मनात विनवणी करत होते, हेही सांगून टाकते.

"दिसला," सर म्हणाले. "बसला व्हता. हितनं त्या गोलच्या खांबाइतका लांब."

मनीषाच्या वडिलांनी तिचा हात धरला आणि ते चालायला लागले. तिच्या हातात अजून गोलकीपरचे ग्लोव्हज होते. तिनं मागे वळून पाहिलं, पण ते थांबले नाहीत. मग दुसरीची आई आली, तिसरीचा भाऊ. दौंडची गाडी गेली. थोड्या वेळात मैदानावर चुन्याच्या रेघा तेवढ्या राहिल्या.

सर शाळेच्या पायरीवर बसले. शिपायानं चहा आणला, तो त्यांना धरवेना. मी कप धरला. त्यांनी दोन घोट घेतले.

"तुमचा आवाज का थांबला?" मी विचारलं. "आम्हाला वाटलं…"

"मी हाक मारली असती तर ती पोरगी माझ्याकडं आली असती, मॅडम. मधी ते बसलेलं."

"मग मागे का नाही फिरलात?"

"कसा फिरू? पोरगी आतच हाय असं मला वाटत व्हतं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि हाताला लागलेल्या रक्ताकडे बघितलं. "छत्री उघडली. का उघडली म्हाईत न्हाई. ते नुसतं बघत ऱ्हायलं. उठून जावं असं तवा वाटत व्हतं. पण उठलं असतं तर कुठं गेलं म्हणून मी अजून आतच असतो."

मी विचारू नये ते विचारलं. म्हटलं, "नाही दिसला म्हणाला असतात, तर चाललं असतं की हो."

"चाललं असतं," ते म्हणाले. "उद्या पोरी आल्या असत्या."

पुढचे कित्येक दिवस ते तोच सामना पुन्हा पुन्हा सांगायचे. सामना म्हणजे त्यातलं एवढंच की, दौंडच्या पोरींना सांगायचं राहिलं. "आपल्या पोरींना मी रोज घाबरवलं, मॅडम. पाहुण्यांना सांगायचं सुचलंच न्हाई. आमच्या दौंडच्या पोरींना काय सांगायचं, असं वाटलं. आम्ही तर बॉल रुळावर गेला तरी आणायचो." मी म्हणायचे, झालं ते झालं, पोरगी सुखरूप आहे. ते हो म्हणायचे आणि थोड्या वेळानं पहिल्यापासून सुरू करायचे. त्यांचा एवढा राग यायचा मला कधी कधी. आणि रात्री शिरूरला घरी भाकरी थापताना मध्येच मलाही ती पाती हलून थांबलेली दिसायची.

हंगाम तिथंच संपला. वनखात्यानं मैदानाच्या कोपऱ्यात पिंजरा लावला, त्यात बांधलेली शेळी दिवसभर ओरडायची आणि आम्ही खिडक्या लावून शिकवायचो. पिंजऱ्यात काही आलं नाही. सर मुलांना वर्गातच बुद्धिबळ शिकवायला लागले. पोरी जिन्यात भेटल्या की "सर, कवा सुरू करायचं?" म्हणून विचारायच्या आणि सर त्यांना "विचारतो" म्हणायचे. कोणाला विचारणार होते, देव जाणे. शैक्षणिक वर्ष संपताना ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी आभार मानले आणि टाकीच्या झाकणाची आठवण करून दिली.

दरम्यान ऊस तुटला होता. तोड झाल्यावर आप्पांनी खोडवा ठेवला नाही. त्याच खोडांना दुसऱ्या वर्षी लागवडीच्या कष्टाशिवाय ऊस येतो, तो सोडून देणारा शेतकरी आमच्या भागात शोधून सापडायचा नाही. त्यांनी ट्रॅक्टर घालून सगळी खोडं उपटली. हेडमास्तर आभार मानायला गेले तर आप्पा त्यांच्यावरच तडकले. "आभार कसलं? सरांचा आवाज बंद झाला त्यो ऐकला म्या. त्ये पुन्यांदा ऐकायचं न्हाई मला." तिथं आता कांदा आहे.

ऊस गेला तशा पोरी परत आल्या. मनीषाला तिच्या वडिलांनीच आणून सोडलं. संस्थेनं नवा कोच दिला, तरुण, हसरा, पोरींना सगळ्या बाजूंनी खेळायला लावणारा. या वर्षीच्या पहिल्या सामन्याला आम्ही मुनीर सरांना पाहुणे म्हणून बोलावलं. ते एसटीनं आले. थोडे वाकले आहेत, कॅप नवी होती. पोरींनी त्यांच्याभोवती गराडा घातला. मग ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले आणि मी म्हटलं, बघा सर, आता किती मोकळं दिसतंय. कांद्याची पात घोट्याएवढी होती. सर बघत होते. आप्पांचा कांदा संपतो तिथं बांध आहे आणि बांधापलीकडे दुसऱ्या शेतकऱ्याचा ऊस आहे, ते मला त्यांच्या नजरेमागून बघताना दिसलं.

खेळ रंगात आला होता. एका पोरीनं बॉल मारला तो रेघेबाहेर, कांद्यातून उड्या मारत पार त्या बांधापर्यंत गेला. कोचनं लगेच दुसरा बॉल आत टाकला, खेळ चालू राहिला. बाहेर बसलेली एक लहान पोरगी, पाचवीतली असेल, पहिला बॉल आणायला निघाली. वाफ्यांतून, गाणं गुणगुणत, रमतगमत. कोणाचं लक्ष नव्हतं.

सर उभे राहिले. त्यांनी हाक मारली नाही. दोन्ही हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून ते नुसते बघत राहिले. पोरगी बांधापाशी पोचली, वाकली, तिथंच काहीतरी बघत जराशी थांबली. मग बॉल छातीशी धरून आली तशीच रमतगमत परत निघाली. मी सरांना "बसा" म्हटलं. त्यांना ऐकू आलं नाही.

तिचा पाय चुन्याच्या रेघेच्या आत पडला आणि त्याच वेळी आमच्या पोरींनी गोल केला. सगळं मैदान आरडाओरडा करत उठून उभं राहिलं, आप्पासुद्धा. त्या गर्दीत मुनीर सर तेवढे खाली बसले.